टक् झालं की थांबायचं

आमच्या वहिनीने झाकण लावलेली बरणी उघडेल असा गडी घरात अजून जन्माला आलेला नाही. तिने बंद केलेल्या नळांवर तर शेजारच्या प्लंबरचं घर चालतं. मी तिला तोंडावर ‘पक्कड’ म्हणतो. दीर असल्याचा तेवढा तरी फायदा घ्यायला नको?

पण हे आवळणं तिच्या मूळ स्वभावातलं नव्हे. माझा थोरला भाऊ वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये होता. तिथे गॅसच्या नळीचा एक जोड ढिला राहिला, ठिणगी पडली आणि दादा घरी आलाच नाही. तेव्हापासून वहिनीला ढिलं काही सोसत नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. हिचा तर संसार पोळला होता.

आणि नशीब बघा, पुढे तिला नोकरी मिळाली तीही गॅसच्याच कामाची. हायड्रोजनवर वीज तयार करणारे संच बांधायचा छोटा कारखाना.

“दुसरं काहीतरी बघ ना,” मी म्हटलं होतं.

“आणि दुसऱ्या कुणी बांधला नि गळला म्हणजे?” ती म्हणाली. विषय संपला.

संच म्हणजे एक थप्पीच. मध्ये पातळ पडदा, त्याच्या दोन्ही बाजूंना कार्बनचा काळा कागद, मग खाचा पाडलेली पाटी, पुन्हा पडदा. एकीकडून हायड्रोजन सोडायचा, दुसरीकडून हवा. वीज निघते, धूर नाही, फक्त पाणी. सगळी थप्पी दोन जाड पाट्यांत धरून बोल्टने आवळायची. आवळायचं म्हटल्यावर वहिनीला कोण हरवणार! साबणाचा फेस लावून तपासत, पण तिच्या संचावर एक बुडबुडा येईल तर शपथ.

तरी तिचे संच परत यायला लागले. ते गळत नव्हते, गुदमरत होते. सुरुवातीला झकास चालायचे आणि भार वाढला की वीज ढेपाळायची.

तिथली इंजिनियर वहिनीच्या लेकीच्या वयाची. तिने वहिनीला काचेची खिडकी असलेला एक संच दाखवला. काळ्या कागदाच्या बारीक छिद्रांतून घामासारखे थेंब वर येत होते, खाचेत घसरत होते आणि हवेबरोबर बाहेर जात होते. मग तिने बोल्ट आणखी आवळले. थेंब येईनासे झाले.

“कागद दबला की छिद्रं मिटतात, काकू. पाणी आतच अडकतं. मग हवा शिरणार कुठून?”

वहिनीला ते पटलंही. तिच्याकडे पाना होता, ठरलेला जोर आला की टक् वाजणारा. टक् झालं की थांबायचं, एवढंच. पण टक् झाल्यावरही तिचा हात थोडा पुढे जायचाच.

“सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही,” मी चिडवलं.

ती हसली नाही. “टक् ऐकू येतं रे मला. पण त्याच वेळी हे आठवतात.”



पुढचा संच एका दवाखान्यात जाणार होता, वीज गेली तरी औषधांचा फ्रिज चालावा म्हणून. इंजिनियरने स्पष्ट सांगितलं की हाही गुदमरला तर वहिनीला बांधणीवरून काढून पॅकिंगला बसवावं लागेल. त्या दिवशी मला सुट्टी होती. “सोबत येशील?” वहिनीने विचारलं. कधी कुणाकडे काही न मागणारी बाई; मी मुकाट्याने निघालो.

दाराशी उभा राहून मी बघत होतो. समोरासमोरचे बोल्ट ती पाळीपाळीने आवळत होती. टक्, की हात दूर. पुन्हा टक्, हात दूर. शेवटच्या बोल्टलाही टक् झालं आणि हात पान्यावरच राहिला. बोटांची पेरं पांढरी पडली होती. दादा डोळ्यांसमोर उभा राहिला आणि क्षणभर मलाच वाटलं, आवळ बाई, आणखी आवळ.

वहिनीने पाना काढला, टेबलावर ठेवला आणि लांब सरकवला.

आत हवेचा दाब देऊन साबणाचा फेस तिने स्वतः लावला. नाक टेकेल इतकी वाकून प्रत्येक सांध पाहिली. फेस हलला नाही. मग गॅस सोडला, भार चढवला. मीटरवरचे आकडे मला कळत नव्हते, म्हणून मी पाणी बाहेर येण्याच्या नळीकडे बघत बसलो. बराच वेळ ती कोरडीच होती. मग एक थेंब पडला, दुसरा पडला आणि खालच्या भांड्यात पाणी संथपणे साठायला लागलं. भार आणखी वाढवला तरी वीज ढेपाळली नाही.

“जमलं, काकू!” इंजिनियर म्हणाली.

वहिनी संचाजवळ गेली. आता ही बोल्टला हात घालणार म्हणून मी पुढे झालो, पण तिने हात लावला नाही. ती नुसती वाकली आणि अगदी हळू म्हणाली, “अहो, गळत नाहीये.”

इंजिनियरने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. “कुणाशी बोलतायत काकू?”

“माझ्या भावाशी,” मी म्हटलं.