प्लास्टिकवर शाई टिकत नाही

सडक अर्जुनीत हायवेला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्सवाल्याला गावातलं सगळं कळतं. कोणाला दहावीत किती मिळाले, कोणाच्या जन्मतारखेत दोन वर्षं खाल्ली आहेत, कोणाचा नवरा राशनकार्डावरून उडाला. मी वाचत नाही, डोळेच वाचतात. त्यामुळे शेजारच्या दुर्गेश्वरीची ही गोष्ट चुगली समजा, पण खोटी समजू नका.

तिचा बाप उदाराम ट्रकांचे पंक्चर काढतो. दिवसभर दहा टनी ट्रकखाली पाठीवर पडून राहणारा माणूस, पण भ्यायचा फक्त उधईला. वाळवी म्हणा हवं तर. तरुणपणी एका लाकडाच्या डेपोत चौकीदार म्हणून त्याला कायम करणार होते. पेटी उघडून पाहतो तर शाळेच्या दाखल्याची चाळणी झालेली. वय सिद्ध झालं नाही, चौकीदारी दुसऱ्याला गेली.

पोरीनं मात्र आयटीआयला कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड घेतला, पास झाली आणि २००७ मध्ये गोंदियाच्या एका सरकारी कार्यालयात वर्षभरासाठी अप्रेंटिस म्हणून लागली. पहाटेची बस धरायची. मी दात घासता घासता टोमणा मारायचो, "काऊन वो कलेक्टरबाई, गाडी नाही आली का?" ती म्हणायची, "गाडी तुमच्याच दुकानात खराब झेरॉक्स काढून राहिली आहे काकाजी, ते होईपर्यंत थांबली."

त्या कार्यालयात दोन कॉम्प्युटर होते. दुलीचंद नावाचे मोठे बाबू त्यांच्यावर रुमाल झाकून उदबत्ती ओवाळायचे, बाकी हात लावायचे नाहीत. कार्यालयातली सगळी पत्रं, तक्ते, याद्या त्या वर्षात हिच्याच हातून निघाल्या. हाक मात्र "ए अप्रेंटिस!" त्यातच सरकारचा हुकूम आला की बाबूंनीही कॉम्प्युटरची परीक्षा पास करावी, नाहीतर पगारवाढ बंद. दुलीचंद माऊस असा धरायचे की जणू कोंबडीची मान. दुर्गेश्वरी रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून त्यांना शिकवायची. ते पास झाले. पेढा तिच्या हातावर ठेवून म्हणाले, "बेटा, तू मेरी गुरु है."

वर्ष संपलं, तिनं अप्रेंटिसची शेवटची परीक्षा दिली आणि दिल्लीच्या शिक्क्याचं प्रमाणपत्र घरी आलं. उदाराम ते वर्तमानपत्रात धरून माझ्याकडे धावत आला. हात तीनदा धुतलेले.

"टिकाराम, जाड प्लास्टिक लाव गा. उधईचा बापही नाही खाईन असं."

"पोरीले इचार तं."

"तिले कायले इचारू? कागद पोरीचा, पण उधई तं माह्या घरची हाय."

आमच्याकडे रीतच ती. महत्त्वाचा कागद आला की पहिले लॅमिनेशन. मी मशीन तापवली आणि लावली जीभ टाळ्याला. "घे. आता हा कागद तुह्या नातवालेही दिसन. नोकरीही मग तोच करन." उदाराम हसला. मी पैसेही घेतले नाहीत.

तीन वर्षं ती इकडेतिकडे टायपिंग करत राहिली. उदारामनं दोन स्थळं परत पाठवली, म्हणाला, आधी नोकरी. २०११ मध्ये त्याच कार्यालयात कॉम्प्युटर ऑपरेटरची एक जागा निघाली. तिथंच अप्रेंटिस केलेल्याला पहिला मान, असं जाहिरातीतच होतं. लेखी परीक्षेत दुर्गेश्वरी पहिली आली. राहिली फक्त कागदांची तपासणी. मी दुकान बंद करून सोबत गेलो. म्हटलं, पेढे पहिले आपल्यालाच मिळाले पाहिजेत.

टेबलावर दुलीचंदच होते. यादीत नाव पाहून खुश झाले. मग प्रमाणपत्र हातात घेऊन उलटं केलं, बोटानं टकटक केलं.

"ये क्या किया बेटा? मागे तपासल्याचा शिक्का मारावा लागते, साहेबाची सही लागते. प्लास्टिकवर शाई टिकत नाही."

"सर, वर्षभर तुमच्याच टेबलावर काम केलं मी. तुमाले तर ठाऊक आहे."

"मले ठाऊक असून काय होते? कागदावर आलं पाहिजे ना. परसों पाच बजे तक साफ कागद ले आ."

नवी प्रत मागवायला चार महिने लागणार होते. आम्ही दुकानात परतलो. माझी बायको सुशिलाबाई इस्त्री घेऊन आली, मी ब्लेड घेतलं. उदाराम दारात उभा, आत यायला तयार नाही. कोपरा सुटला. वीतभर प्लास्टिक छान निघालं. मग खाली गोल शिक्क्यापाशी मी ओढलं आणि शिक्का, सही, सगळं प्लास्टिकसोबत वर आलं. खाली तेवढा कागद राहिला पांढरा.

दुर्गेश्वरीनं तो कागद उलटा केला, मागची बाजू हातानं पुसली आणि विचारलं, "काकाजी, आता तरी यावर शाई टिकन ना?"

ती तो घेऊन गेली. दिल्लीचा शिक्काच नाही म्हणून दुलीचंदनं तो परत दिला, म्हणे वाईट वाटलं. जागा यादीतल्या दुसऱ्याला, भोजराजला गेली. त्याच्याकडे एका खासगी क्लासचं दोन महिन्यांचं प्रमाणपत्र होतं, कोरं करकरीत. पहिल्याच महिन्यात त्याचा फोन आला, "ताई, प्रिंटर चालून नाही राहिला, दुलीचंद सर बोले आपको पूछने." तिनं सांगितलं. अजूनही सांगते.

चार महिन्यांनी नवी प्रत आली. उदारामनं हात लावला नाही. पोरीनं ती डांबराच्या गोळ्यांसोबत पेटीत टाकली.

आता ती माझ्याच दुकानात बसते, पोरापोरींचे अप्रेंटिसचे, नोकरीचे फॉर्म भरते. काउंटरवर तिनं पाटी लावली आहे : येथे लॅमिनेशन करून मिळणार नाही. गिऱ्हाईक विचारतात, "काऊन गा टिकाराम, मशीन बिघडली का?"

मी हो म्हणतो. ती स्क्रीनवरून डोळे वर करत नाही. मशीन काउंटरखाली आहे, चांगली चालते.