शिफारस आणि शेंगा

मला स्वस्थ बसता येत नाही. आई म्हणते, ही पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी तर ती भिंगरी थांबायलाच तयार नव्हती. मला इन्व्हेस्टमेंट बँकेत शिरायचं होतं आणि वाशिमच्या आमच्या कॉलेजात तसली बँक कधी चुकूनही फिरकली नव्हती. यायचे ते विमावाले आणि खतांच्या कंपन्या. नोटीस बोर्डासमोर उभी राहून मी मनातल्या मनात भांडायची. कोणाशी, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

घरी समजावणं हा निराळा ताप. आम्ही वाशिमच्या मालेगाव रस्त्याला भाजीपाला पिकवणारी माणसं. वांगी, मेथी, आणि सांबार, म्हणजे तुमच्याकडची कोथिंबीर. पहाटे माल बाजारात हर्रासाला न्यायचा, बोली लागून विकला की दिवसभर पुन्हा वाफ्यांत वाकायचं. बँक म्हटलं की बाबांना काउंटरमागची खुर्ची दिसायची. शेवटी मी सांगितलं, एका कंपनीला दुसरी विकत घ्यायची असली की मधे बसून सौदा जमवून देणारे लोक असतात, ते. "म्हंजे सोयरीक जमवनारे," आई म्हणाली. मी हसले, पण तिचं फारसं चुकलं नव्हतं.

कंपनीची किंमत कशी काढायची ते मी व्हिडिओ बघून बघून शिकले होते. अडलं होतं ते दारातच. अर्ज जायचा, उत्तर यायचं नाही. मोठ्या कॉलेजांतल्या मुलांना बँका स्वतः बोलवायला जातात, आमच्यासारख्यांना आतलं कोणीतरी शिफारस करणारं लागतं. म्हणून मी अनोळखी लोकांना निरोप पाठवत सुटले. बहुतेकांनी वाचून सोडून दिले. एका बाईंनी मात्र फोन केला. मूळच्या अकोल्याच्या, आता मुंबईत एका बँकेत वरच्या पदावर. त्यांनी इतकं खोदून खोदून विचारलं की मी चिडायच्या बेतात आले. तेव्हा म्हणाल्या, "तुझं नाव पुढे पाठवते. मुलाखत घेणाऱ्यांत मीही असेन." फोन ठेवताना सहज बोलून गेल्या, थंडी पडली की गावाकडच्या तुरीच्या शेंगांची फार आठवण येते.

जेवताना मी हे सगळं घरी सांगितलं. शेंगांचं तेवढं गाळलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या घरातून कोणी कोणाकडे कामासाठी रिकाम्या हातानं जात नाही. डॉक्टरकडे वांगी, मास्तरांकडे मेथी. त्याला लाच म्हणावं असं आमच्या स्वप्नातही येत नाही. आईनं दुसऱ्याच दिवशी धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या तुरीच्या शेंगा तोडल्या, थैली भरली, माझ्या मोबाइलमधून बाईंचा नंबर उतरवून घेतला आणि मुंबईला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दोन्ही देऊन टाकलं. मला काही पत्ता नव्हता.

सकाळी बाईंचाच फोन आला. "ट्रॅव्हल्सवाला म्हणतो माझ्या नावानं थैली आलीय. तुझ्या घरून?"

मी आईकडे पाहिलं. ती हसत होती.

"मी जिची शिफारस केली तिच्या घरचं मला काही घेता येत नाही," बाई म्हणाल्या. "थैली परत पाठवतेय. ऑफिसला कळवलंय. आता तुझ्या मुलाखतीला मी नसेन, आणि तुझ्याबद्दल एक शब्दही बोलणार नाही."

"मॅडम, शेंगाच आहेत हो." माझा आवाज चढला होता.

"ठाऊक आहे. पण मोठ्या कॉलेजातून आलेल्या पोराला कोणी विचारत नाही, तू कसा आलास. तुला विचारतील. तेव्हा कोणाच्या तोंडी या शेंगा येता कामा नयेत."

मला त्यांचा संताप आला, कारण त्यांचं बरोबर होतं. तो सगळा आईवर निघाला. "कोनी सांगतलं होतं तुले?"

"काहून? मी का सोनं धाडलं?"

"थ्या घेतल्या नाही त्याइनं. वापस येऊन राह्यल्या."

आईचा चेहरा उतरला. "वापस केल्या?" एवढंच म्हणाली. मुलाखतीचं तिला काही नव्हतं, घरचं दिलेलं कोणी परत केलं याचं होतं. मला तिची कीव आली, रागही आला, आणि मी वाफ्यांमधून चालत सुटले.

मुलाखतीपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मेल उघडायची, मिटायची. एकदा तर उगाच एसटीत बसून मेडशीला गेले, तिथं चहा प्यायले आणि आलेल्या वाटेनं परत आले.

मुलाखत व्हिडिओवर झाली. सगळे चेहरे अनोळखी. एकानं कॉलेजचं नाव पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, जरा जास्तच ठासून. मग त्यांनी एका कंपनीची किंमत काढायला लावली. तिथं मी कोणाला ऐकलं नाही. आकडा कुठून आला, कशावर टिकतो, कुठं फसू शकतो, सगळं बोलत गेले.

निवड झाली. मी रडले, बाबा वाफ्यात उभे राहून नुसतेच हसत राहिले, आईनं देवापुढे साखर ठेवली.

रुजू होण्याआधी घरूनच एक ऑनलाइन कोर्स करायचा होता, बँकेच्या नियमांचा. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, शेजारी आई मेथीच्या जुड्या बांधत होती. एक प्रश्न आला आणि माझं बोट अडलं.

"काय इचारून राह्यले?" आईनं विचारलं.

मी तिला आपल्या भाषेत सांगितलं. नोकरी मागनाऱ्या पोराच्या मायबापानं तुमाले घरची मिठाई धाडली, तं तुमी काय करसान?

"यात काय इचाराचं?" ती म्हणाली. "घ्याव. अन् त्याइले फोन करून सांगाव, लय गोड लागली म्हनून."

पर्यायांत तेही उत्तर होतं. मी त्याच्या खालचं निवडलं: परत करेन आणि कळवेन. स्क्रीनवर हिरवी खूण उमटली.

"बरोबर आलं?"

"हाव," मी म्हणाले.

आई खूश झाली. जुडीला गाठ मारत म्हणाली, "मंग पुढचा सांग."