कानबाईच्या सोमवारची महिला सभा

ती घटना आजही आठवली की मी खुर्चीत बसून राहू शकत नाही. निवृत्ती रक्ताला लागू होत नसावी!

दोंडाईच्याच्या बाजूचं एक गाव. तिथल्या ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी. एका सकाळी सरपंच आणि ग्रामसेवक फिर्याद घेऊन आले. पाणीपुरवठ्याच्या विहिरीतली नवी मोटार चोरीला गेली. संशय गावाला पाणी सोडणाऱ्या माणसावर. पंपघराची किल्ली त्याच्याकडेच, म्हणजे त्यानेच नवी विकून जुनी आत टाकली. गुन्हा नोंदवला, पंचनामा केला आणि त्याला चौकशीला बोलावून पंपघराची किल्ली ताब्यात घेतली.

गाव त्याला नाना म्हणे. साधा, पन्नाशीतला माणूस. हाताला ग्रीस, पायात तुटकी चप्पल.

"सायेब, नवी मोटार उनीच नही. जुनीच तीनदा बांधी मी."

नवी मोटार आलीच नाही, जुनीच दुरुस्त करून चालवली, यावर मी विश्वास ठेवला नाही. कारण ग्रामसेवकाने महिला सभेचं रजिस्टर पुढे ठेवलं होतं. त्यात ठराव होता: नवी मोटार बसली, आम्ही ती समक्ष पाहिली, पाणी नियमित येते. खाली चाळीसेक बायकांच्या सह्या आणि अंगठे. एवढ्या बायका एका बाजूला आणि एकटा नाना दुसऱ्या बाजूला! दुसऱ्या दिवशी त्याला अटक करायचं मी ठरवून टाकलं. अटक म्हणजे त्याची नोकरी गेली, अब्रूही गेली.

संध्याकाळी त्या गावातल्या एक अक्का ठाण्यात आल्या. रिकामी कळशी त्यांनी थेट माझ्या टेबलावर ठेवली.

"जी मोटार गावमा उनीच नही, ती चोरी कशी जाई?"

"अक्का, तुमचाच अंगठा आहे इथे," मी रजिस्टर फिरवलं.

"हाऊ अंगठा मन्हा नही! कोनता दिन लिखेल शे?"

मी तारीख वाचली. गेल्या श्रावणातला, नागपंचमीनंतरचा सोमवार, सकाळी अकरा. अक्का एवढ्या मोठ्याने हसल्या की ठाणे अंमलदार उठून आत आला.

"सायेब, हाऊ तं कानबाईना सोमवार शे! बठ्ठ्या बाया नदीवर व्हत्यात. कानबाई डोकावर, मंग सह्या कोन करी?"

खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगतो. 'बठ्ठ्या' म्हणजे सगळ्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई देवी बसते. सुरत-पुण्याला गेलेले भाऊबंद तिच्या प्रसादाचे रोट खायला गावी येतात. सोमवारी बायका कानबाईला डोक्यावर घेऊन वाजतगाजत, फुगड्या घालत नदीवर नेतात. त्या सकाळी गावात सभेला बाई मिळणं अशक्य!

मी त्या वर्षीची स्टेशन डायरी मागवली. पान उघडलं आणि कपाळाला हात लावला. माझंच अक्षर: 'सकाळी नऊ ते दुपारी एक, कानबाई विसर्जन बंदोबस्त. स्वतः हजर. विशेष काही नाही.' गाव तेच, नदी तीच. अख्खा पुरावा माझ्याच कपाटात पडून होता आणि मी निरपराध माणसाला बेड्या घालायला निघालो होतो!

सकाळी ग्रामसेवकाला बोलावलं. माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला, वर्षभरापूर्वी बदलून आलेला, राहायला तालुक्याला.

"भाऊसाहेब, सभा कुठे झाली?"

"पंचायतीच्या हॉलमध्ये, साहेब. चहा-बिस्किटं पण दिली."

"वा! आणि फुगड्या?"

"फुगड्या? सभेत?"

मी डायरी त्याच्यापुढे सरकवली. त्याने दोनदा वाचली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "साहेब, कॅलेंडरमध्ये सुट्टी नव्हती हो त्या दिवशी."

संपलं! पुढचं त्याने भडाभडा सांगितलं. मोटार घेतलीच नव्हती. दुकानदाराकडून नुसतं बिल आणलं, महिला सभेचा खोटा ठराव जोडला, निधी उचलला, सरपंच आणि त्याने वाटून घेतला. पंचायत समितीची तपासणी लागली तेव्हा मोटार दाखवणार कुठून? म्हणून चोरीची फिर्याद. सरपंच तर गावचाच, ती तारीख त्याला सहज खटकली असती. त्याला विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "मी वाचलंच नही, सायेब. भाऊसाहेबनी बोट ठेवलं तठे सही करी."

तपासाची दिशा फिरली. फिर्यादी आरोपी झाले. मी नानांना खुर्ची दिली आणि माफी मागितली. माफी मागितल्याने वर्दीची इस्त्री मोडत नाही. ते एवढंच म्हणाले, "किल्ली द्या सायेब. आज खालनी गल्लीनी पानीनी पाळी शे."

त्या किल्लीने मला शिकवलं ते असं. गावचा कारभार चालतो तो ज्याची पाळी तो ती चुकवत नाही म्हणून. आणि गाव लुटलं जातं ते न वाचता केलेल्या सहीने, न भरलेल्या सभेने. वर बसलेल्यांना आपलं गाव माहीत नसतं, माहीत असलेले तोंड उघडत नाहीत. तिथे चोराला कुलूप फोडावंच लागत नाही!

पुढच्या ग्रामसभेला मी साध्या कपड्यांत मागे बसलो होतो. हॉल बायकांनी भरला होता. नव्या ग्रामसेवकाने रजिस्टर पुढे केलं. "इथे अंगठा द्या, अक्का."

अक्कांनी हात मागे घेतला.

"पहिले वाची दखाड, भाऊ. बठ्ठं."