भोंग्याला कुणी शिकवलं

मी कमी बोलणारा माणूस. मोटारीची कॉईल भरताना वेढे मोजावे लागतात, मध्येच कुणाला उत्तर दिलं की आकडा चुकतो. ती सवय पुढे अंगातच मुरली, आणि खरं सांगायचं तर तिची मला सोयही झाली. जे एका वाक्यात सांगून टाकायला हवं होतं, ते न सांगता मी सहा वर्षं काढली. यंदाच्या हंगामात मात्र ते चार माणसांत सांगावं लागलं, आणि त्यानंतर असं काही छान घडत गेलं की आता सगळंच लिहून काढतो.

जवळा बाजारला माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात. जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश लावून वाळवायची. पोट त्यावर चालतं. जीव मात्र दुसरीकडेच. काही वर्षांपूर्वी मी पोस्टानं काडेपेटीएवढा एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड मागवला. पोस्टमन पाकीट कानाशी हलवून म्हणाला, "मिस्त्री, वाजत तर काई न्हाई. हाय काय आत?"

"मेंदू," मी म्हणालो.

"मग बराबर पत्त्यावर आला."

पहिला बोर्ड मी अर्ध्या तासात जाळला. दुसऱ्यावर मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून एक दिवा लुकलुकवला आणि बायकोला हाक मारली. "बघ, हा मी सांगेल तेव्हाच लागतो." ती म्हणाली, "घरातला बल्बबी मी सांगते तवाच लागतो. बटण दाबलं की." तिचंही बरोबर होतं. पण आपण मनात आणलेली गोष्ट एक निर्जीव वस्तू न चुकता करते, पुन्हा पुन्हा करते, याची जी नशा आहे ती ज्याला चढली त्यालाच ठाऊक. मी दुकानात एकटाच हसत बसलो होतो.

आमचं घर हट्ट्याकडच्या एका गावात. तो सगळा हळदीचा पट्टा. हळद खणली की ती आधी वाफेवर शिजवतात, मग उन्हात वाळवतात, मग फिरत्या ड्रममध्ये घासून चकाकी आणतात. शिजवायचा कुकर म्हणजे ट्रॉलीवर बसवलेला बॉयलर आणि त्याला जोडलेले मोठाले ड्रम. कुकर एका मालकाचा, आणि त्याच्याबरोबर शेतोशेत फिरणारी मजुरांची टोळी. त्या टोळीत आमच्या विहारामागच्या गल्लीतली बरीच माणसं होती. माझा थोरला भाऊ बॉयलरला लाकडं घालायचा आणि वहिनी ड्रमपाशी उभी राहायची.

वहिनीचं काम एकच. हळद शिजली की नाही ते सांगायचं. ती झाकणाशी वाकून वास घ्यायची, एक हळकुंड बाहेर काढून त्यात वाळल्या कपाशीची, पऱ्हाटीची काडी खुपसायची, मोडून बघायची. मग ओरडायची, "वता!" म्हणजे ओता. लगेच ड्रम उलटा व्हायचा. हळद कमी शिजली तर आतून फिकी राहते, जास्त शिजली तर रंग मरतो, आणि चूक नीट कळते ती वाळल्यावर, जेव्हा काही करता येत नाही. शेतकऱ्याचं वर्ष त्या एका शब्दावर असायचं. शेतकरी मालकाला नुसतं 'मालक' म्हणायचे, वहिनीला मात्र 'बाई, चहा घेतला का' असं विचारायचे.

एका हंगामात मी दुकानाला दुपारनंतर कुलूप लावून रोज तिच्या शेजारी जाऊन बसलो. ड्रमच्या मधल्या थरात स्टीलच्या नळीतला सेन्सर सोडला, आणि हातात वही. दर दोन मिनिटांनी तापमान लिहायचं आणि तिनं "वता" म्हटलं की तिथं फुली मारायची.

"भाऊजी, काहून एवढं लिहून राहिले? माझा पंचनामा हाय काय?"

"तुमच्या नाकाचा," मी म्हणालो.

"लिहा, लिहा. नाक बरं हाय म्हणून तर तुमच्या घरात आले. डोळे बरे असते तर आधी भावाला बघितलं असतं तुमच्या." भाऊ बॉयलरपाशी लाकूड हातात घेऊन हसत होता.

हंगाम संपल्यावर मी सगळे आकडे आलेखाच्या कागदावर मांडले. वाफ लागली की मधल्या थराचं तापमान चढतं, एका ठिकाणी येऊन थांबतं, आणि तिथून पुढे ठरावीक मिनिटांनी वहिनीची फुली. प्रत्येक ड्रमला. फुल्या जवळपास एका ओळीत पडल्या. माणसाच्या नाकात वर्षानुवर्षं साठलेली गोष्ट कागदावर सरळ रेघ होऊन उभी राहिलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हेही कधी कुणाला सांगितलं नाही.

मग त्या बोर्डाला सेन्सर आणि रिक्षाचा भोंगा जोडला, तेवढी मिनिटं भरली की वाजेल असा. पुढच्या हंगामाच्या पहिल्या ड्रमला भोंगा वाजला आणि त्याच श्वासात वहिनी ओरडली, "वता!" सगळं शेत हसलं. ती तर टाळ्या वाजवत होती. "आरं, हा तर माझी नक्कल करून राहिला!" एवढा आनंद तिला झाला होता. मला आज सगळ्यात जास्त टोचतो तो तिचा आनंदच.

तालुक्याला शेतीचं प्रदर्शन भरलं, त्यात भोंग्याला पहिलं बक्षीस मिळालं. शाल, ढाल, टाळ्या. माइक हातात देऊन विचारलं, "प्रेरणा कुठून मिळाली?" वहिनी तिसऱ्या रांगेत बसली होती, नवं लुगडं नेसून. मी म्हणालो, "घरातल्या प्रेशर कुकरच्या शिटीवरून." लोकांना ते फार आवडलं. खरं सांगितलं तर लोक म्हणतील, मग यात तुझं काय, ही एवढीच भीती होती. बाकी काही कारण नव्हतं.

पण तो निव्वळ हावरेपणा होता. खरा गुन्हा पुढे आहे. त्यानंतर काही दिवसांनी कुकरमालकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मिस्त्री, आता ड्रमपाशी बाई लागल का?" भोंग्यावर मला शंका आहे असं त्याला वाटू नये म्हणून मी म्हणालो, "न्हाई. गरज न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून वहिनी पोती भरायला आणि उचलायला. मालकानं ठरवलं असंच मी सगळ्यांना समजू दिलं. रविवारी तिच्याकडे गेलो की ती चहा टाकायची, पोरांच्या शाळेचं विचारायची. भोंग्याचं मात्र तिनं कधी विचारलं नाही. हळूहळू इतर कुकरवाले आले, मी त्यांनाही भोंगे करून दिले. प्रत्येक भोंग्यामागे कुठल्यातरी ड्रमपासून एक बाई पोत्यांकडे गेली असणार, हे मला कळत होतं. वेढे मोजण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, पण या बाया मी मोजल्या नाहीत.

यंदा भागातल्या बऱ्याच जणांनी दुसऱ्या जातीचं बेणं लावलं होतं. जाड, भरीव हळकुंड. पहिल्याच शेतावरून मालकाचा फोन आला. "मिस्त्री, असाल तसे या. भोंगा वाजला, पण माल कच्चा हाय."

गेलो. हळकुंड मोडलं. कडेनं गडद, मधोमध फिकट. मी मिनिटं वाढवली, तर पुढचा ड्रम पार गिळगिळीत निघाला. शेतकरी नुसता ओतलेल्या ढिगाभोवती फिरत होता. खणलेली सगळी हळद अजून रांगेत होती. मी माझ्याच यंत्रापुढे उभा, आणि मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं. फुल्या माझ्याकडे होत्या. त्या एका जातीच्या, एका हंगामाच्या होत्या, आणि त्या ठरवणारं नाक माझं नव्हतं.

वहिनी तीसेक पावलांवर तोंडाला फडकं बांधून पोती भरत होती. मी तिच्यापाशी गेलो.

"वहिनी, जरा येता का?"

"कुठं?"

"ड्रमपाशी."

"तिथं तर गरज न्हाई ना माझी?"

"कोण म्हणलं असं?" मी विचारलं. एवढं होऊनही विचारलं.

"तुमीच की." तिनं पोत्याचं तोंड आवळलं. "मालकानं तवाच सांगितलं मला. म्हणला, मिस्त्रीला इचारूनच केलंय बाई, माझ्यावर राग धरू नको."

म्हणजे सहा वर्षं. रविवारचा प्रत्येक चहा तिनं हे माहीत असून केला होता.

"मग बोलल्या काहून न्हाई?"

"तुमी बोलाल म्हणून वाट बघून राहिले. पण तुमचं तोंड म्हणजे आपल्या फाट्यावरची एसटी. आली तर आली." मग फडकं सोडत म्हणाली, "येते मी. पर आधी तिथं जाऊन तुमी सांगा. मीच माझं सांगितलं तर बरं दिसत न्हाई."

मी सांगितलं. ड्रमला पाठ लावून, मालक, शेतकरी, टोळीतले सगळे यांच्यासमोर. प्रेशर कुकरची शिटी खोटी आहे. एक हंगाम वहिनीशेजारी बसून तिचं शहाणपण मी वहीत उतरवून घेतलं, भोंग्यात आहे ते तेवढंच. आणि तिला इथून काढायला हरकत नाही असं मीच म्हणालो होतो.

पहिला बोलला भाऊ. त्यानं हातातलं लाकूड आगीत सारलं आणि म्हणाला, "झालं? मग सरका बाजूला, वाफ कमी होऊन राहिली."

लोक हसले. टोळीतली एक बाई म्हणाली, "मग ती ढाल कुणाच्या घरी हाय आता?"

"राहू दे त्यांच्याकडंच," वहिनी म्हणाली. "पितळ हाय, पुसत बसावं लागतं."

आणि ती उभी राहिली. झाकणाशी वाकली. "न्हाई." भोंगा वाजला, तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. काडी खुपसली. "न्हाई अजून." शेतकऱ्याला धीर निघेना. परत वास घेतला, एक हळकुंड मोडलं, अर्धं फेकलं, अर्धं हातात ठेवलं. "वता!"

ढिगातलं हळकुंड शेतकऱ्यानं स्वतः मोडून उन्हात धरलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच रंग. त्या माणसानं ते वहिनीच्या हातावर असं ठेवलं, जसा काही प्रसादच.

पुढचे आठ दिवस मी दुकानात नवा भोंगा बांधत होतो. आधीच्या भोंग्यात आकडा मी कोरून ठेवला होता. नव्यात आकडाच नाही. प्रत्येक नव्या शेतात पहिला ड्रम माणसानं शिजवायचा आणि "वता" म्हणताना एक बटण दाबायचं. यंत्र ते लक्षात ठेवतं आणि त्या शेतापुरतंच वागतं. बटण दाबलं नाही तर भोंगा मुका.

"मिस्त्री, हे तर काम वाढवून ठिवलं तुमी," मालक म्हणाला. "बाई न्हाई आली तर?"

"तर तिला आणायला जायचं."

वहिनीनं पहिल्याच दिवशी माझ्या कामात तीन चुका काढल्या. बटण बारीक आहे, ओल्या हाताला लागत नाही. ते झाकणाशी आहे, तोंडावर वाफ येते. आणि मधले जाड गड्डे वेगळे शिजतात, बाजूची हळकुंडं वेगळी, दोघांना एकच बटण कसं? "तुमी बसून बनवता भाऊजी, आमी उभं राहून वापरतो." आता दोन बटणं आहेत, दाराच्या बेलएवढी, कमरेच्या उंचीवर. इतकी वर्षं मोबाइलवर जगभरातले व्हिडिओ पाहून जे शिकलो नव्हतो ते या तीन वाक्यांत शिकलो.

मग मी आधी दिलेले भोंगे एकेक करून परत घेतले आणि बदलून दिले. जिथं गेलो तिथं पहिला प्रश्न एकच, "आधी इथं कोण उभं राहायचं?" सगळ्या परत आल्या असं नाही. एक ऊसतोडीला गेली ती गेलीच. वहिनीच्या पाठीचं दुखणंही काही माझ्या बटणानं जाणार नाही. पण ज्या आल्या त्यांना वहिनीनं दोन-दोन दिवस शेजारी उभं राहून बटण शिकवलं, आणि या हंगामात कच्च्या मालाचा फोन पुन्हा आला नाही.

मागच्या आठवड्यात आमच्याच जिल्ह्यातल्या पुसेगावच्या एका कुकरवाल्याचा फोन आला. मी म्हणालो, येतो. तो म्हणाला, "तुमी या न्हाई तर नका येऊ, बाईला धाडा." इतका आनंद मला त्या शाल-ढालीच्या दिवशीही झाला नव्हता. मोटारसायकलवर मागे वहिनी, मांडीवर भोंग्याची पेटी, वाटभर तिच्या सूचना. "खड्डा हाय. तिकडून घ्या. मशीनला तकलीफ होईल."

तिथं मालकानं मला खुर्ची दिली आणि विचारलं, "किती टाईम लागल?"

"त्यांना विचारा," मी म्हणालो.

वहिनी तोवर ड्रमपाशी पोचली होती. तिथल्या टोळीतल्या चार-पाच बाया तिच्याभोवती गोळा झाल्या. पहिला ड्रम तिनं स्वतः ओतवला आणि बटण दाबलं नाही. दुसरा चढला तेव्हा तिनं त्यांतल्या एका सावळ्या, लाजऱ्या बाईच्या हातात काडी दिली.

"आता तू सांग."

"मी? मला काय कळतं?"

"इतके वर्षं भाकरी भाजून राहिली ना? मग कळतं. वास घे."

ती बाई वाकली. वाफेतून तोंड बाहेर काढून म्हणाली, "झालं वाटतं."

"वाटतं न्हाई चालत. परत घे."

भोंगा गप्प होता. बॉयलरवाला लाकूड धरून थांबला, मालक थांबला, मीही खुर्चीवरून उठलो. ती बाई पुन्हा वाकली, या वेळी बराच वेळ. मग तिनं काडी खुपसली, हळकुंड मोडलं, वहिनीकडे न बघताच बटणावर पंजा मारला आणि सगळ्या शिवारात ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "वता!"