टाकीमागचे मामा

बडनेऱ्याच्या शेषरावांनी रेल्वेत पॉइंट्समन म्हणून जन्मभर गाड्यांचे रूळ बदलले. स्वतः मात्र एकदा रुसले की जागचे हलत नसत. भाची चंदाच्या लग्नात ते असेच रुसले. अकोल्याच्या कार्यालयात भटजींनी माइकवरून पुकारा केला, "मुलीचे मामा, स्टेजवर या!" मामा पाण्याच्या टाकीमागे खुर्ची टाकून बसलेले. माइकवरून काय, कोणालाही बोलावतात! सख्ख्या मामाला हात धरून न्यायला नको? हात काही कोणी धरला नाही. शेवटी शेजारच्या एका गृहस्थांना मामा करून लग्न लागलं आणि खरे मामा उपाशीपोटी गाडीत बसले.

तेव्हापासून ते ही गोष्ट सांगत सुटले. आधी 'बोलावलं नाही', मग 'बसाले खुर्ची नाही देली', आणि पुढे पुढे तर 'भर मांडवातून हाकललं, तेबी सख्ख्या बहिणीनं!' टपरीवाला पिंटू दरवेळी हळहळायचा आणि त्या हळहळीवर गोष्ट आणखी बाळसं धरायची. इतकी, की शेषरावांना स्वतःलाच ती खरी वाटू लागली. बहिणीचा फोन ते घेईनासे झाले.

यंदा धाकट्या भाचीचं जमलं. बहिणीचा, सुभद्रेचा, निरोप आला, "भाऊ येईन तवाच तारीख काढीन."

"जा आता," बायको म्हणाली. "तुमच्या फुगलेल्या गालाकडं पाहूपाहू माह्ये डोळे दुखले."

शेषराव अकोल्याला गेले. सुभद्रेने चहा दिला, समोर बसली.

"भाऊ, एक विचारू? म्या तुले मांडवातून हाकललं, असं लोकं म्हणते. काय बोलली रे मी? गडबडीत तोंडातून गेलं असन काही. रोज आठवून पाहते, पण आठवूनच नाही राहिलं."

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. शेषरावांनी कप खाली ठेवला.

खाटेवर बसलेले भाऊजी, चंद्रभान, शांतपणे म्हणाले, "टाकीमागं तुमची टोपी दिसे आमाले. दोनदा माणूस पाठोला. तो इकडून आला का तुमी तिकडं सरकत."

आता मात्र शेषरावांना सरकायला जागा नव्हती. मान खाली घालून ते पुटपुटले, "मले कोणी हाकललं नाही, बाई. मीच लपलो होतो."

"मंग इतके वर्ष म्या देवापुढं कान काहून पकडले?" सुभद्रा उसळलीच. "हे मले नको सांगू. जिथं जिथं सांगितलं तिथं सांगून ये. मंग काढू तारीख!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषराव टपरीवर. "पिंटू, मले कोणी हाकललं नोतं."

पिंटूची चहाची गाळणी हातातच राहिली. "काका, तुमी देवमाणूस! बहिणीची अब्रू झाकून राहिले." बाकावरच्यांनी माना डोलावल्या. एकाने सरकून जागाही दिली.

शेषरावांचे कान तापले. खोटं बोललो तेव्हा माणूस म्हणत होते, खरं बोललो तर थेट देवमाणूस! ते बसले नाहीत. पलीकडच्या ऑटोवाल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "टाकीमागं दडलो होतो मी! माणूस बोलवाले आला का खुर्ची घेऊन सरको!"

मग एक ऑटोवाला फिसकन हसला आणि पाठोपाठ अख्खा बाक.

त्यांचं हसून होईपर्यंत शेषराव तसेच उभे राहिले. मग चप्पल ओढत रेल्वे क्वार्टरकडे निघाले. तिथली बरीच घरं अजून बाकी होती.