बोट तुमचंच पायजे

तेर गावच्या एसटी स्टँडजवळ जुन्या कॅसेटमधली गाणी पेनड्राइव्हवर उतरवून देणारं एक दुकान आहे. देणारं म्हणायचं एवढंच. दुकानदार हात पाठीमागं बांधून उभा राहतो आणि बटणं गिऱ्हाइकालाच दाबायला लावतो.

"कॅसेट तुमची, कान तुमचे, मग बोट बी तुमचंच पायजे," तो म्हणतो. "म्या नक्कल केली की धंदा झाला. तुमी केली की घरचं ऐकणं. कायदा लई बारीक असतो, भाऊ."

हे खरं की खोटं, मला ठाऊक नाही. मी सातवीतून शाळा सोडून चंद्रपूरकडून इथल्या बेकरीत आलेला माणूस. कायदा म्हटलं की मला घाम फुटतो. पण माझ्याजवळच्या लग्नगीतांच्या विकतच्या कॅसेटवर ढोलकी माझ्या बाबांची आहे. आता त्यांचे हात चालत नाहीत, आणि तशी दुसरी कॅसेट कुठं मिळत नाही.

मी भीत भीत बटण दाबलं. दोन मिनिटांत यंत्रानं फीत चावली आणि ढोलकी थांबली. मी ओरडलोच.

दुकानदाराचे पाठीमागचे हात सुटले. त्यानं फीत अलगद सोडवली, तुटलेली टोकं जोडली आणि नक्कल करायचं लाल बटण स्वतःच दाबलं. ढोलकी वाजायला लागली तसा आपल्याच बोटाकडं बघून दचकला.

"कुणी इचारलं, तर बटण कुणी दाबलं?"

"मी."

"शाब्बास!"

तेव्हापासून मैदा मळताना मी ते उत्तर घोकतो. फक्त फीत कुणी जोडली असं विचारलं, तर माझी पंचाईत आहे.