डावा पाय

हात मिळवताना तो समोरच्याचा पंजा दोन्ही हातांत धरून ठेवायचा आणि म्हणायचा, "भाऊ, तुमी फक्त दोघं आना." ते दोघं आणखी दोघांना आणणार आणि आपण घरी बसून चेक मोजणार. पंजा सोडवायचा तर हो म्हणावंच लागे. मी म्हटलं.

तुम्हीही म्हटलं असतं. आम्ही दोघं अमरावतीला एकाच वर्षी बी.ए. झालो. तेव्हा कापसाला भाव नव्हता आणि बी.ए.ला कापसाएवढाही नव्हता. अशात अकोल्याच्या मंगल कार्यालयात कंपनीच्या टायवाल्या साहेबांनी माईकवरून आम्हाला 'उद्योजक' म्हटलं. आमचा अर्ज न मागता कोणी आम्हाला घेतंय, असं पहिल्यांदाच घडत होतं. मागितले ते फक्त पैसे. बदल्यात सफारीचं कापड मिळालं. शिंप्यानं ते बोटांत चुरगाळून पाहिलं आणि शिलाई आधी मागितली.

तो वलगावहून रोज टाय लावून येऊ लागला. एसटीत कंडक्टरलाही प्लॅन समजवायचा. लग्नात त्याच्या शेजारची पानं रिकामी राहू लागली.

कंपनीच्या भाषेत आपल्याखालच्या दोन रांगांना पाय म्हणत. त्याच्या उजव्या पायात मी होतो. डाव्यात कोणी येईना. एकदा तो फोनवर साहेबांना सांगत होता, "सर, उजवा चालू हाय, पन डाव्या पायात जानच नाही." शेजारी त्याची आई बाजारासाठी वांगी निवडत होती. तिनं वांगी टाकली, तेल कोमट केलं आणि आठ दिवस त्याचा डावा पाय चोळला. रिद्धपूरला डोकंही टेकवून आली.

खरा अर्थ कळल्यावर ती चिडली नाही. म्हणाली, "मंग मी चालन का तुह्या पायाले?" आणि कानातलं मोडून त्याचा डावा पाय झाली. हे त्यानं मला हसत सांगितलं. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

सहा महिन्यांत अकोल्याच्या ऑफिसवर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागली. पाटीकडे बघत तो म्हणाला, "पत्ता बदलला असन." मी तिथेच त्याला नाही नाही ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, मले खरंच वाटलं होतं."

पुढे तो फाटकाशी दिसला की मी कडी लावून बसायचो. एकदा त्यानं बराच वेळ दार वाजवलं, मग दाराखालून कागद सरकवला. नवा प्लॅन असणार, म्हणून मी तो न उघडताच रद्दीत टाकला.

पंधरा दिवसांनी रद्दी बांधताना तो उघडला. सरकारी कचेरीतल्या कारकुनाच्या जागेचा फॉर्म होता. माझं नाव, पत्ता, टक्के, सगळं त्यानंच सुवाच्य अक्षरात भरलेलं. सही तेवढी बाकी होती. मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती.

मी वलगावला गेलो. तो सुरतेला कामाला निघून गेला होता. त्याची आई पाणी देत म्हणाली, "एकच फारम भेटला म्हने, तो तुले देल्ला. लागली ना बाप्पा नोकरी?"

मी हो म्हणालो.